पाण्याची तयारी, वाऱ्याचा दिवस : खाडीकाठच्या एका वाडीचं प्रकरण

३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गांवरचं छप्पर उडालं. तेव्हा आत चौतीस माणसं होती. त्यांना तिथे आणून बसवणाऱ्यांत मी होते. मी तिथे शिकवायचे, शाळेची किल्ली माझ्याकडे असायची आणि आदल्या संध्याकाळी कुलूप मीच उघडलं होतं.

जीव कुणाचाच गेला नाही, म्हणून गावात हा विषय लवकर मागे पडला. मला तो सोडवत नाही. त्या दोन दिवसांत आम्ही कुठे थांबलो, कुठे घाई केली, कोणता प्रश्न विचारलाच नाही, हे किनाऱ्यावरच्या इतर गावांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर मांडते आहे. गावाचं नाव देत नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वाडी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, एका खाडीच्या मुखापासून थोडी आत आहे. तिचे तीन भाग. खालची आळी खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या, बांधाला लागून, बावीस घरांची. बांधाच्या अलीकडे खारी शेती, पलीकडे तिवरांची दाटी आणि खाडी. मधल्या आळीत नारळ-सुपारीच्या बागा, शाळा, देऊळ. वरची आळी जांभ्याच्या चढावर. तिथली बरीच घरं मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी बांधलेली, स्लॅबची, आणि वर्षातले दहा महिने कुलूपबंद.

पाणी आम्हाला ओळखीचं आहे. उधाणाला बांधावरून पाणी येणं, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप नीट न बसल्याने खारं पाणी शेतात शिरणं, कधी बांधाला खांड जाणं, हे दर दोन-चार वर्षांनी होतंच. खालच्या आळीतली माणसं तिथी विचारून कामं ठरवतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे गणित इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

वारा मात्र तितका ओळखीचा नव्हता. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाची आठवण होती, पण ती समुद्रावर गेलेल्या होड्यांची आणि परत न आलेल्या माणसांची. घरात बसलेल्या माणसाला वारा काय करू शकतो, याचा अनुभव माझ्या पिढीला नव्हता.

त्यात ते वर्ष कोरोनाचं. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी परतले, आणि चौदा दिवस वेगळं राहण्यासाठी त्यांना शाळेत ठेवलं जात होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत असे अकराजण होते. शाळेला तीन वर्ग. दोन जुने, दगडी भिंतींचे, वर सिमेंटचे पत्रे. तिसरा नंतर बांधलेला, स्लॅबचा. संडास त्याला लागून, म्हणून अकराजणांना तो वर्ग दिलेला. ही बाब पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली. तेव्हा ती कुणाच्या ध्यानातही आली नव्हती.

अडचण

१ जूनला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाल्याची बातमी आली. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं, निसर्ग हे नाव मिळालं, आणि ते अलिबागजवळ धडकणार हे स्पष्ट झालं. म्हणजे आमच्या हातात जेमतेम चोवीस तास होते.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात दोन गोष्टी होत्या. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, आणि नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर उंच येऊ शकणारं समुद्राचं पाणी. आम्ही दोन्ही वाचल्या. डोक्यात मात्र दुसरीच शिरली. तालुक्याहून आलेला निरोपही ‘सखल भागातील लोकांना हलवा’ असाच होता. सखल म्हटलं की खालची आळी, आणि खालची आळी म्हटलं की पाणी.

आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीच्या, वहीत प्रत्येक घराची नोंद होती. कोण गरोदर, कोणाला साखर, कोण अंथरुणाला खिळलेलं. त्या वहीवरून अर्ध्या तासात यादी झाली: शहात्तर माणसं. तयारीतली त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट ही वही होती, आणि ती कुठल्याही आराखड्यात नव्हती.

समोर असलेले पर्याय

२ जूनला संध्याकाळी पाचला देवळाच्या पायरीवर सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, आशाताई, मी आणि गावातली चार-सहा माणसं बसलो. आभाळ भरलेलं, पण वारा पडलेला. पान हलत नव्हतं. त्या शांततेमुळे घाई करावी असं मनातून वाटत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

पहिला पर्याय शाळा. पंचायतीच्या कागदावर निवारा म्हणून तिचंच नाव होतं. बांधापासून लांब, उंचवट्यावर, भिंती भक्कम. अडचण एकच दिसत होती, ती अकराजणांची. त्यांच्या शेजारच्या वर्गात माणसं कशी ठेवायची? आशाताईंचा ठाम विरोध होता, आणि तो योग्यच होता.

दुसरा पर्याय देवळाचा सभामंडप. तिन्ही बाजूंनी उघडा म्हणून बाद.

तिसरा, वरच्या आळीतली स्लॅबची घरं. माणसं राहत होती ती तीनच. बाकी पाच कुलूपबंद. किल्ल्या शेजाऱ्यांकडे होत्या, पण मालकाला न विचारता उघडायचं कसं? दोघांना फोन लागला. एक लगेच हो म्हणाले. दुसऱ्यांनी कोरोनाचं कारण सांगून नकार दिला. त्या दिवसांत मुंबईत माणसं काय पाहत होती हे आठवलं, की मला त्यांचा राग येत नाही. बाकी तिघांना फोन लागलाच नाही, आणि आम्ही पुन्हा लावलाही नाही.

चौथा पर्याय, घरातच राहायचं आणि पाणी चढायला लागलं की निघायचं. खालच्या आळीतल्या निम्म्या लोकांना हाच पटत होता. गुरं, होड्या, चुलीवरचं अन्न सोडून कोण निघतं?

ठरलं ते असं. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि एक गरोदर सून मिळून तीसजण वरच्या आळीतल्या चार घरांत. उरलेले सेहेचाळीस शाळेच्या दोन जुन्या वर्गांत. अकराजणांनी आपल्या वर्गाचं दार आतून लावून घ्यायचं. दोन्हींच्या मध्ये ओसरीवर बाकं आडवी लावली. मला त्या वेळी हा तोडगा समजूतदार वाटला. रोगाचा विचार केला, पाण्याचा केला. वर छप्पर कसलं आहे, हे त्या तासाभरात एकदाही कुणी विचारलं नाही. त्या छपराखाली मी सात वर्षं शिकवत होते, मीही नाही.

काय केलं

रात्री नऊपर्यंत सगळे हलले. जाताना प्रत्येक घराला पाच गोष्टी सांगितल्या: मीटरचा मुख्य खटका बंद करा, रेग्युलेटर काढून सिलिंडर उंचावर ठेवा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगाशी बाळगा, पिण्याच्या पाण्याचे हंडे भरून झाका, आणि गुरं बांधून ठेवू नका. पहिल्या चार बहुतेकांनी केल्या. पाचवी जवळजवळ कुणीच केली नाही. वादळात सोडलेली म्हैस कुठे जाईल या भीतीने माणसांनी दावी उलट घट्ट केली.

होड्यांचं काम माहितीतलं होतं. मोठ्या होड्या खाडीच्या आत, तिवरांच्या आडोशाला नेऊन चारी बाजूंनी बांधल्या. लहान ओढून घरांच्या मागे उपड्या घातल्या. मधल्या आळीतल्या एका काकांनी वेगळंच काही केलं. मासेमारीचं जुनं जाळं त्यांनी कौलांवर टाकलं, त्याच्या चारी कडांना दोर बांधले आणि ते जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना ताणून आवळले. आम्ही जाता-येता बघत होतो. एकाच्याही मनात आलं नाही, की हे यांनी केलं म्हणजे त्यांना वाऱ्याची काळजी आहे आणि आपल्याला नाही.

३ जूनची सकाळ. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. म्हणजे भरती नऊची, खाडीत आत पोचेपर्यंत दहा. पाऊस सुरू झाला होता, वारा वाढत होता, पण भरतीचं पाणी बांधाच्या दीड हात खालीच राहिलं. खालच्या आळीतले एक जुने नाखवा, म्हणजे होडीचे तांडेल, शाळेच्या ओसरीवर बसून पाहत होते. ते म्हणाले, “वादळ दुपारी म्हणतात ना? मग तवर पानी उतरलंय.”

गणित बिनचूक होतं. ते ऐकून साडेदहाच्या सुमारास बाराजण उठले आणि घरी निघाले. पाणी येणार नाही, मग इथे कोंडून का बसायचं? पोलीस पाटलांनी दोघांना अडवलं, बाकीचे गेले, मग ते दोघेही गेले. या क्षणाकडे मी पुन्हा पुन्हा येते. माहिती खरी होती, तिच्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. वादळाच्या वेळेचा अंदाज दोन-चार तास इकडेतिकडे होतो, तेवढ्यात भरती पुन्हा लागू शकते. आणि ओहोटीने पाणी टळलं तरी वारा टळत नाही. हे तेव्हा उभं राहून बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. नाखवा माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि त्यांचं गणित तर खरंच होतं.

वाऱ्याचे चार तास

वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर आलं. आम्ही त्याच्या वाटेच्या दक्षिणेला, म्हणजे उजव्या अंगाला होतो. चक्रीवादळ आपल्याकडे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. त्यामुळे ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजवीकडे जे गाव असतं, त्याला आधी आग्नेयेचा वारा लागतो आणि वादळ पुढे सरकलं की नैर्ऋत्येचा, समुद्रावरून येणारा. हे मी नंतर शिकले. त्या दिवशी एवढंच कळलं, की वारा चुकीच्या बाजूने येतोय.

कोकणातलं घर पश्चिमेची झड गृहीत धरून बांधलेलं असतं. पावसाळ्याआधी झापं लावतात ती पश्चिमेला. आम्हीही शाळेच्या पश्चिमेच्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या होत्या. ओसरी पूर्वेला, उघडी. वारा ओसरीत शिरला, तिथून दारातून वर्गात, आणि पत्र्यांना खालून ढकलू लागला. पत्रा आधी थरथरतो. मग हुकाजवळ कट्‍कट् आवाज येतो, कुणी नखाने डबा वाजवावा तसा. पहिला पत्रा गेला तेव्हा कानठळ्या बसतील असं काही झालं नाही. वर अचानक उजेड झाला, एवढंच. त्यानंतरचे मात्र ओळीने गेले.

मुलं बाकांखाली शिरली. ते आम्ही त्यांना भूकंपाच्या सरावात शिकवलं होतं. पत्र्याचे तुकडे भिंतीवर आपटत होते. कुणीतरी ओरडलं, “बाई, स्लॅब!” मग चौतीस माणसं ओसरीवरून, त्या आडव्या लावलेल्या बाकांवरून, तिसऱ्या वर्गाच्या दाराशी आली.

दार आतून बंद होतं. वाऱ्यात हाका ऐकू जात नव्हत्या. मी दोन्ही मुठींनी दार बडवत होते, आणि एकीकडे मनात येत होतं की ज्यांना दहा दिवस आम्ही गावाच्या नळावर येऊ दिलं नाही, त्यांना आता दार उघडा म्हणायला आलोय. दार उघडलं. आतल्या अकराजणांनी एका भिंतीला सरकून जागा केली. तोंडावरचे रुमाल त्यांनी आमच्यासाठी वर ओढले. पंचेचाळीस माणसं एका वर्गात चार वाजेपर्यंत उभी होती.

पुढच्या चौदा दिवसांत कुणाला ताप आला नाही. ते आमचं नशीब.

खालच्या आळीत परतलेल्या बाराजणांपैकी एकजण वारा ऐन भरात असताना म्हशीचं दावं सोडायला गोठ्यात गेला आणि उडून आलेल्या पत्र्याने त्याची पोटरी फाटली. रक्त थांबवायला त्याच्या बायकोने लुगडं फाडून आवळून बांधलं. तालुक्याला नेता आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, खाटेवरून, पडलेली झाडं ओलांडत.

आणि पाणी? दोनच्या पुढे वारा फिरून समुद्राकडून यायला लागला, तेव्हा नाखवांनी दाखवलं. ओहोटी अर्ध्यावर असायला हवी होती, आणि खाडी बांधाच्या काठोकाठ होती. वाऱ्याने लोटलेलं पाणी उतरत्या भरतीवर चढून बसलं होतं. हेच वादळ रात्री दहाला, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली असताना, भरतीवर आलं असतं, तर खालची आळी बांधासकट पाण्याखाली गेली असती. पाण्याची आमची भीती खोटी नव्हती. ती त्या दिवशी सहा-आठ तासांनी चुकली.

नंतरचे वीस दिवस

तयारी आम्ही एका रात्रीची केली होती. त्रास झाला तो तीन आठवडे.

विजेचे खांब आडवे झाले होते. मोबाइलचा टॉवर पहिल्याच दिवशी बंद. चार वाजता वारा उतरला तेव्हा शेजारच्या गावाचं काय झालं हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आमचं काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन पोरं हाताने लिहिलेली चिठ्ठी घेऊन चालत तालुक्याला गेली. चिठ्ठीत जखमी किती, घरं किती, औषधं कोणती, पाणी आहे की नाही, एवढंच. ही कल्पना पोलीस पाटलांची, आणि तिच्यामुळे डॉक्टर आमच्याकडे लवकर पोचले.

पाण्याचे हाल सगळ्यात जास्त. विहीर होती, पंप होता, वीज नव्हती. रहाट काढून टाकून पंधरा वर्षं झालेली. मधल्या आळीतल्या आजींच्या माळ्यावर पोहरा सापडला, पितळी, बुडाला काळपट. त्या एका पोहऱ्यावर पहिले तीन दिवस साठ घरांनी पाणी शेंदलं. दोर सुंभाचा, पावसाने फुगलेला. बायकांच्या तळहातांची सालं निघाली.

एका काकांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि फ्रिज बंद. आशाताईंनी कुपी कोरड्या डबीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात ठेवायला सांगितलं. वीज नसलेल्या घरात ती पद्धत चालते. पण ही माहिती आशाताईंना होती म्हणून निभावलं. एरवी काकांनी ती कुपी उशाशी ठेवली असती.

पंचनाम्याचा विषय थोडक्यात सांगते, कारण त्यावर गावोगाव लिहिण्यासारखं आहे. लोकांनी आधी अंगण मोकळं केलं, मोडलेले वासे जाळले, मग पंचनामा झाला. ‘इथे काय होतं’ याचा पुरावा उरला नव्हता. फोन बंद म्हणून फोटो नाहीत. बागांचे सातबारे सामायिक, एकेकावर दहा-पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी ५०,००० रुपये केली, पण आमच्याकडे बाग मोजतात गुंठ्यांत. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. सुपारी लावल्यापासून फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. उभ्या बागेच्या बागा मानेतून मोडलेल्या होत्या आणि माणसं बुंधे मोजत फिरत होती.

जाळं टाकलेल्या काकांच्या घराचा फक्त वायव्येचा कोपरा उघडा पडला. बाकी कौलं जागच्या जागी होती.

निर्णयाच्या जागा : आज काय वेगळं केलं असतं

छपराबद्दल न विचारलेला प्रश्न ही मुळातली चूक. वाऱ्यासाठीचा निवारा आणि पाण्यासाठीचा निवारा या दोन वेगळ्या जागा असू शकतात. पाण्यापासून वाचायला उंची लागते, वाऱ्यापासून वाचायला डोक्यावर स्लॅब आणि खालून वारा न शिरणारी खोली. आमची शाळा पहिल्या परीक्षेत पास, दुसरीत नापास. इशारा आला की ‘काय येतंय?’ हा प्रश्न आधी, ‘कुठे जायचं?’ नंतर. दोन्ही येत असेल तर दोन्ही परीक्षांत पास होणारीच जागा निवडायची, मग ती कितीही अडचणीची असो.

अकराजणांबद्दल आजही माझं मन पूर्ण तयार होत नाही. स्लॅबच्या वर्गात सगळ्यांना आधीच एकत्र ठेवायला हवं होतं का? त्या दिवसांत ते म्हणणं सोपं नव्हतं. पण दुसरा मार्ग होता. अकराजणांना आदल्या संध्याकाळीच एका कुलूपबंद घरात हलवून तो वर्ग मोकळा करता आला असता. त्यासाठी त्या तीन मालकांना पुन्हा फोन लावायला हवे होते. रात्री नऊपर्यंत फोन सुरू होते. आम्ही एकदा लावून थांबलो.

बाराजण परत गेले, तिथे ‘कुणी जाऊ नका’ एवढं पुरेसं नव्हतं. परतायचं कधी, हे हलवतानाच ठरवून सांगायला हवं होतं. वेळ न सांगितलेल्या माणसाने स्वतःची वेळ ठरवली, यात त्याचा दोष कमी आणि आमचा जास्त. जे तिथी जाणतात त्यांना बैठकीत बसवून त्यांच्या गणिताचा पूर्ण अर्थ सगळ्यांसमोर लावायला हवा होता, म्हणजे ते ओसरीवरचं एक सुटं वाक्य राहिलं नसतं.

गुरांबाबत आम्ही सल्ला दिला, सोय दिली नाही. म्हैस सोडा म्हणणं सोपं आहे. ज्याचं घर तिच्या दुधावर चालतं तो ती सोडत नाही, आणि मग ऐन वाऱ्यात गोठ्याकडे धावतो. जखम त्यातूनच झाली.

पुढे काय झालं

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला गेलं. आमच्याकडे वारा झाला, पण निसर्गइतका नाही. तोवर गावाने दोन याद्या केल्या होत्या. स्लॅबच्या घरांच्या चौकटीवर आत गेरूने ‘वा’ लिहिलेलं, उंचावरच्या घरांवर ‘पा’, काहींवर दोन्ही. मालकांचे होकार एप्रिलमध्येच घेतलेले, तेही कागदावर. पूर्वी नकार देणाऱ्यांनी या वेळी स्वतः किल्ली पाठवली. प्रत्येक घराचे, गोठ्याचे, बागेचे फोटो तारखेसह काढून दोन ठिकाणी ठेवले. विहिरीवर रहाट परत बसला. पेट्रोलवर चालणारा झाडं कापायचा कटर वर्गणीतून घेतला.

खरी कसोटी त्याच वर्षी जुलैत लागली, आणि ती पाण्याची. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूणला पूर आला, तळीयेत दरड कोसळली. त्या आधीच्या रात्री आमच्याकडेही पाऊस थांबत नव्हता. आषाढी पौर्णिमा जवळ आलेली, त्यामुळे भरती मोठी. अशा वेळी उघाडी बंद राहते, कारण उघडली तर खाडीचंच पाणी आत येतं. वरून येणारं पावसाचं पाणी मग बांधाच्या आत तुंबत जातं. बाहेरून समुद्र, आतून पाऊस, आणि मध्ये खालची आळी.

या वेळी उघाडीच्या दगडी खांबावर तीन तांबड्या रेषा रंगवलेल्या होत्या. पहिल्या रेषेला निरोप, दुसरीला म्हातारी आणि मुलं हलवायची, तिसरीला आळी रिकामी. २१ तारखेला रात्री अकराला पाणी दुसऱ्या रेषेवर होतं. सकाळची भरती दहा-साडेदहाची. ओहोटीत थोडं उतरेल आणि नंतर जास्त चढेल, हे नाखवांनीच बैठकीत सांगितलं, आणि या वेळी ते वाक्य पूर्ण केलं: “उतरलं म्हनून कुनी घरी जायाचं नाय. उद्या दुपारी दोनला मी सांगेन.” पहाटे चारपर्यंत आळी रिकामी झाली. सकाळी साडेदहाला बावीसपैकी चौदा घरांत कमरेएवढं पाणी होतं आणि त्या घरांत माणूस नव्हतं. दोन वाजेपर्यंत कुणी खाली उतरलं नाही.

शाळा त्या रात्री उघडलीच नाही. जुन्या दोन वर्गांवर पुन्हा पत्रेच बसले आहेत. मंजूर अंदाजपत्रकात स्लॅब नव्हता. पत्र्यांना हुक जास्त मारून घेतले, ओसरीला पूर्वेच्या बाजूने दारं लावून घेतली. किल्ल्या आता तीन आहेत: माझ्याकडे, पोलीस पाटलांकडे आणि आशाताईंकडे.

गुरांसाठी वरच्या आळीच्या मागे जांभ्याच्या चिऱ्यांचा एक गोठा श्रमदानाने उभा राहिला. त्यात दहा जनावरं मावतात. खालच्या आळीत आज तेवीस आहेत. उरलेल्या तेरांना कुठे न्यायचं, हे अजून ठरलेलं नाही.